चेंडू वर का जात होता

हजेरीला 'हजर' म्हणताना माझी जीभ 'ह'वर अडकायची आणि मागच्या बाकावरून 'ह-ह-ह' सुरू व्हायचं. "दुर्लक्ष कर" हा सल्ला पाळून काहीच थांबलं नाही. थांबलं ते वहीमुळे. तारीख, तास, जागा, नेमके शब्द, तिथे कोण होतं, एवढंच त्याच दिवशी लिहायचं. तीन आठवड्यांच्या नोंदी घेऊन आई वर्गशिक्षिकेला भेटली. "हिला चिडवतात" म्हटलं की सगळे मान हलवतात. "मंगळवारी चौथ्या तासानंतर जिन्यात" म्हटलं की कोणाला तरी उठावं लागतं.

सॉफ्टबॉलमध्ये पिचर (चेंडू टाकणारी) झाले, कारण कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारी) बोटांनी खुणा देते आणि पिचरचं नुसती मान हलवून भागतं. कारण काही फार उदात्त नाही.

पिचिंग मी शेवटाकडून सुरुवातीकडे शिकले. आधी जाळीपासून तीन मीटरवर, हात मांडीलगत ठेवून नुसत्या मनगटाचे 50 झटके. मग हात मागे खांद्याच्या उंचीवर नेऊन तिथून खाली. हाताचं पूर्ण चक्र त्यानंतर. तेही लगेच सामन्यातल्या 13.11 मीटरवरून (43 फूट) नाही. 8 मीटरवरून दहापैकी सात चेंडू ग्लोव्हच्या आसपास पडेपर्यंत तिथेच थांबले, मग एकेक मीटर मागे सरकले. माझे हात लांब म्हणून वेग आला असं लोकांना वाटतं. त्यात मोठा वाटा पाटीवरून, म्हणजे पिचर जिथून चेंडू टाकते त्या जमिनीतल्या पट्टीवरून, पायाने दिलेल्या रेट्याचा असतो. मागच्या पायाकडे मात्र लक्ष हवं. तो उचलून पुढे टेकवला आणि तिथून दुसरा रेटा दिला, तर पंच पिच बेकायदा ठरवतात.

चेंडू जमिनीवर आपटला तर हातातून लवकर सुटला, डोक्यावरून गेला तर उशिरा. हात अंगापासून दूर फिरला की बाजूला जातो. माझा वर जायचा, आणि तोही फक्त सामन्यात. व्हिडिओ पाहिल्यावर उलगडा झाला: समोरच्या संघाच्या डगआउटमधून (खेळाडू बसतात त्या जागेतून) माझ्या बोलण्याची नक्कल सुरू झाली की मी चेंडू तळव्यात खोल धरायचे. 12 इंच घेराचा चेंडू तळव्याला चिकटला की मनगट आखडतं आणि सुटायला क्षणभर उशीर होतो. सगळे मला धीर देत होते. दुरुस्त करायची होती पकड.

म्हणून दोन पिचच्या मध्ये ठरलेला क्रम बसवला. पाटीवरून मागे उतरायचं, बोटं पूर्ण उघडून मिटायची, श्वास लांब सोडायचा, शिवण बोटांच्या टोकांखाली घ्यायची, तळवा आणि चेंडू यांत एका बोटाची फट तपासायची. नजर कॅचरच्या ग्लोव्हवर, मगच पाटीवर चढायचं. सरावात मैत्रिणी डबे वाजवून गोंगाट करायच्या. नक्कल करायची नाही हे आधीच ठरलं होतं. खेळाडूला न विचारता प्रशिक्षकाने असा सराव लादला, तर तोही छळच. दोन हंगामांनी मी संघाची पहिली पिचर झाले. नक्कल तेव्हाही व्हायची, चेंडू मात्र खाली राहायचा.

उंच उडालेल्या चेंडूचा प्रश्न सर्वांत उशिरा सुटला. तिथे हाक द्यावीच लागते, नाहीतर दोघी एकमेकींवर आदळतात. 'माझा'च्या 'म'ला ओठ मिटतात आणि माझे तिथेच चिकटायचे. संघाने शब्दच बदलला: लांब ओढलेला 'आ', सोडत्या श्वासावर. मला तो सोपा जातो. एखादीला स्वरच अडत असतील तर तिने दुसरं काही शोधावं. हाक चेंडू खाली यायला लागल्यावर द्यायची, कारण आधी दिली आणि वाऱ्याने तो वळला तर दोघीही फसतात. तसंही पिचरने असा चेंडू बहुतेकदा बेसजवळ उभ्या असलेल्या आपल्याच संघातल्या खेळाडूंना सोडायचा असतो. तेव्हा मी बोट वर करते आणि बाजूला होते.