ओला टॉवेल

सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत, लग्नाच्या पंगतीत, परवा तर दवाखान्याच्या बाकावरसुद्धा मला हाच प्रश्न आला. "अप्पा तोंडाला ओला टॉवेल गुंडाळून आगीत शिरायचे. तुमच्याकडे सूट, सिलिंडर, नव्या गाड्या, सगळं असून तुम्ही बाहेर उभे राहता. असं का हो?"

अप्पा म्हणजे माझे वडील. ते १९६२ ला फायरमन म्हणून लागले, मी १९९० ला, आणि आता मीही निवृत्त आहे. २०२५ च्या मे महिन्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण गेले. तेव्हापासून हा प्रश्न जास्तच येतो. त्या आगीवर मी नव्हतो, तेव्हा तिच्याबद्दल बोलणार नाही. माझ्या आगीबद्दल बोलतो.

आधी टॉवेलचं. ओल्या टॉवेलाने काजळी अडते, घशाची जळजळ जरा कमी होते. पण धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू अडत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त जोराने धरून ठेवतं. माणसाला वाटतं आपण ठीक आहोत, आणि तो गुडघ्यातून बसतो.

दुसरं, आगच बदलली. अप्पांची आग गिरणीतल्या कापसाची. गाठ आतून धुमसते, वरून विझली तरी सकाळी परत पेटते, म्हणून एकेक गाठ फोडून रात्र रात्र पाणी मारायचं. कॅनव्हासचे होज, म्हणजे पाण्याचे पाइप, भिजले की दोघांना उचलवत नसत. पण वर उंच छप्पर होतं, धुराला चढायला जागा होती. आमच्या वाट्याला आलं पॉलिएस्टरचं सूत, पॅकिंगच्या पिशव्या, फोमच्या गाद्या. खाली माग, वर संसार, खिडक्यांना ग्रिल आणि शटरपर्यंत रचलेला माल. अमेरिकेतल्या यूएल या संस्थेने जुन्या आणि नव्या सामानाच्या खोल्या पेटवून पाहिल्या. जुन्या सामानाची खोली सगळी एकदम भडकायला अर्ध्या तासाच्या आसपास लागला, नव्या सामानाची पाच मिनिटांच्या आत भडकली. सोलापुरात गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचून रिक्षा आणि मोटारसायकली बाजूला होईपर्यंत तेवढा वेळ जातो. गाडीत साडेचार हजार लिटर पाणी. दोन ब्रांच, म्हणजे होजच्या तोंडाच्या नळ्या, पूर्ण चालवल्या तर तेही पाचेक मिनिटांत संपतं, आणि आमच्या वेळी नळाला पाणी यायचं काही दिवसांआड. अप्पांच्या वेळी पेठेतल्या विहिरीत पाणी ओढायचा सक्शन पाइप टाकता यायचा.

हे सगळं मला पाठ आहे. इतक्यांदा सांगितलंय की सांगताना आवाजही चढत नाही. पण १९९० सालच्या मी यातलं एक अक्षर ऐकलं नसतं. तेव्हा श्वसनाचे सेट होते, लोखंडी सिलिंडरचे, जड, गाडीवर पेटीत पडून असायचे. ते घालणाऱ्याला आम्ही भित्रा समजायचो. मी स्वतः टॉवेल बांधून दोनदा आत गेलोय. दुसऱ्यांदा एका म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन आलो आणि रात्रभर ओकत होतो, डोकं फुटेल असं वाटत होतं. सकाळी अप्पांनी चहा पुढे केला, बोलले काही नाहीत, पण छाती फुगलेली मला दिसली. १९९० मधल्या त्या पोराशी, म्हणजे माझ्याशीच, मी अजून भांडतो. त्याला गॅस समजावतो, मिनिटं समजावतो. तो म्हणतो, "म्हातारा वाचला ना?"

वाचला होता.

आता ती रात्र. २०११ चा मे, पूर्व भागातली एक गल्ली, पहाटे अडीचला आगीची वर्दी. आम्ही पोचलो तेव्हा शटर अर्धं वर होतं आणि त्याखालून धूर बाहेर येत होता. काळा आणि दाट. एका बाईने माझी बाही धरली. ती तेलुगूत बोलत होती, मला एवढंच कळलं की आत माणूस आहे. मी जोडीदाराला सेट घालायला सांगितलं आणि स्वतःही घालायला लागलो. व्हॉल्व्ह उघडला, गेज बघितलं, मास्कचे पट्टे ओढले, तळहात लावून श्वास घेतला, मास्क चेहऱ्याला बसला की नाही ते बघायला. एक पट्टा कानामागे अडकला होता, तो परत काढून घातला. मागून लोक ओरडत होते, "आत जा की! काय सजताय?" कोणीतरी पाठीत चप्पल मारली. बाईने बाही सोडली नव्हती. हातमोजा घालायला मी ती सोडवून घेतली.

आत रांगत गेलो, उजवा हात भिंतीला. काहीच दिसत नव्हतं, स्वतःच्या श्वासाचा आवाज तेवढा ऐकू येत होता. तो शटरपासून चार पावलांवर होता. खोक्यांच्या थप्पीला पाठ टेकून, एक पाय मुडपलेला, एका पायातली चप्पल तशीच. अंग गरम होतं. उचलून बाहेर आणला, दवाखान्यात नेला. तिथे डॉक्टरांनी मान हलवली. मी त्यांना विचारलं, आम्ही मिनिटभर आधी गेलो असतो तर? ते म्हणाले, सांगता येणार नाही. खरं तेच होतं.

घरी येऊन अप्पांना सांगितलं. ते तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "चार पावलं?" मी होय म्हटलं. त्यांनी उठून खिडकी लावली. त्यावर आम्ही परत कधी बोललो नाही.

शेवटची वर्षं अप्पा खोकत होते. दवाखान्यात प्रत्येक नवा डॉक्टर विचारायचा, विडी किती ओढायचे? त्यांनी जन्मात विडी ओढली नाही. २०२२ मध्ये आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेने आगीशी लढण्याचं काम कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं. अप्पा त्याआधीच गेले होते. त्यांचं दुखणं धुरामुळेच होतं असं मी छातीठोक म्हणणार नाही, सिद्ध करता येणार नाही. पण टॉवेलाची गोष्ट सांगणाऱ्यांनी तो खोकलाही ऐकायला हवा होता.

म्हणून माझं उत्तर असं: सेट घालूनच जायचं. मी पोरांना हेच शिकवलं, ड्रिलला घड्याळ लावून शिकवलं, मिनिटाच्या आत सेट चढला पाहिजे म्हणून. बिनसेटचा फायरमन आत पडला की बाकीचे आधी त्याला काढायला जातात, आणि आतला माणूस तसाच राहतो. यात मी मागे हटत नाही.

फक्त ती बाई समोर आली तर हे सगळं तिला कसं सांगायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या गल्लीवरून जायची वेळ आली की मी लांबून जातो.