आज वळायला शिकवलं

आज वाशीच्या मैदानावर सहावी-सातवीच्या मुलांना फुटबॉलमध्ये बॉल घेऊन वळायला शिकवलं. चार नंबरचे बॉल, 10 बाय 10 मीटरचा चौकोन, आठ मुलं आणि प्रत्येकाकडे स्वतःचा बॉल. रांग लावली की मुलं खेळण्यापेक्षा उभीच जास्त राहतात, म्हणून रांग नाहीच.

ड्रिबलिंगमध्ये, म्हणजे बॉल पायाने पुढे नेत पळताना, चूक बहुतेकांची एकच. बॉल बुटाच्या टोकाने ढकलतात, तो दोन-तीन मीटर पुढे पळतो. करंगळीकडच्या भागाने हलका स्पर्श द्यायचा, दर पावलाला एक.

मग ड्रॅग बॅक. एका पायाचा तळवा बॉलच्या माथ्यावर ठेवून बॉल मागे ओढायचा आणि त्याच्याबरोबर अंग वळवायचं. मुलं बॉलवर सगळं वजन टाकतात आणि घसरतात. वजन आधाराच्या पायावरच हवं, गुडघा वाकलेला. मैदान ओलं असेल तर हे आधी चालत चालतच करून घ्यावं.

क्रॉयफ टर्न मला सगळ्यात आवडतो. नेदरलँड्सच्या योहान क्रॉयफने 1974 च्या वर्ल्डकपमध्ये स्वीडनविरुद्ध केलेला. पास द्यायचं नाटक करायचं आणि बॉल पायाच्या आतल्या बाजूने आधाराच्या पायामागून ओढून वळायचं. पास देतोय असं खरंच वाटलं पाहिजे, म्हणजे पाय पूर्ण मागे न्यायचा. एका मुलीचा बॉल सारखा स्वतःच्याच आधाराच्या पायाला आपटत होता. तो पाय बॉलच्या वीतभर पुढे टाकायला सांगितलं, आणि बॉल पायामागून अलगद निघाला!

वळल्यावर लगेच तीन पावलं जोरात पळायचं, नाहीतर समोरचा परत गाठतो. बुधवारी हेच सगळं डाव्या पायाने.