रोडगे, वांगी आणि पेपरबुक

संक्रांत उलटली की पहिल्या रविवारी सरांच्या पोरांचा मेळावा. जागा ठरलेली, काटोल रोडवर एका माजी विद्यार्थ्याचं शेत. मंडळाला नाव नाही, अध्यक्ष नाही. वर्गणी मात्र आहे.

सर हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात सरकारतर्फे अपिलं चालवतात. दिवसभर सिव्हिल लाइन्सच्या त्या घुमटाखाली, संध्याकाळी धरमपेठेत घरच्या ओसरीवर लॉची पोरं. नागपूरला हे नवं नाही म्हणा. पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले हिदायतुल्ला 1942 मध्ये इथे सरकारी वकील झाले, त्याआधीपासून ते लॉ कॉलेजात शिकवत होते. हा दाखला सर दरवर्षी देतात आणि आम्ही दरवर्षी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करतो.

गोवऱ्यांच्या आरात रोडगे पडले की मूट, म्हणजे लुटुपुटूचा खटला, सुरू. बाजेवर बसलेले सर म्हणजे न्यायमूर्ती. विषय एकच, निर्दोष सुटलेल्या आरोपीविरुद्ध सरकारचं अपील. ज्याला आरोपीची बाजू हवी, त्याच्या गळ्यात हमखास सरकारची. खालच्या कोर्टानं सोडलं की निर्दोषत्वाचं गृहीतक आणखी पक्कं होतं, दोन मतं शक्य असतील तर वरचं कोर्ट सहसा हात घालत नाही. एवढा चढ चढून बोलायचं.

माझ्या पहिल्या वर्षी मी आवाज चढवून म्हटलं, "पुरावा ओरडून सांगतोय, माय लॉर्ड!"

"पान कितवं?"

पेपरबुक, म्हणजे खटल्याच्या कागदांचं बाड, चाळताना बोटांचा घाम कागदाला लागत होता. पान सापडलं, तर उलटतपासात साक्षीदार नेमका उलटं बोललेला. सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "काहून गा, आता नाही ओरडत का पुरावा?" सगळे खो खो हसले. हशा ओसरल्यावर सर हळूच म्हणाले, "ही ओळ तूच आधी वाचून दाखवायची होती. तू सरकारचा वकील आहेस, फिर्यादीचा मामा नाही."

जुलै 2024 मध्ये जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. पुढच्या मेळाव्यात या अपिलाचं कलम आम्ही जुने 378 म्हणत होतो, नवी पोरं 419. सर दर वेळी तळहाताकडे पाहून बोलत. जवळ जाऊन पाहिलं, तर पेनानं कलमं लिहून आणलेली! परीक्षेत आम्हाला यासाठी हाकललं असतं.

त्या दिवशी वाद लांबतच गेला. शेवटी चुलीपासून काकूंचा आवाज आला, "निकाल राखून ठेवा अन् उठा आता. तूप गोठून राहिलं!"