बॅकस्ट्रोक स्टार्ट, सहावा आठवडा: पाय का सटकत होता ते सापडलं

या आठवड्यात बॅकस्ट्रोकचे, म्हणजे पाण्यातूनच भिंतीला पाय लावून पाठीवर मागे उडी घ्यायचे, वीस स्टार्ट मारले, पाय तीनदाच सटकला. मागच्या आठवड्यात तेवढ्याच स्टार्टमध्ये अकरा वेळा गेला होता. सध्या नाशकात सकाळी सहाला त्र्यंबक रोडने तलावावर पोहोचेपर्यंत पायाची बोटं गारठतात, म्हणून आधी थंडीवर खापर फोडलं होतं. कारण वेगळंच निघालं.

मोबाइल काठावर ठेवून स्लो मोशनमध्ये शूट केलं. 'टेक युअर मार्क' या तयारीच्या हुकुमाला मी स्वतःला इतका वर ओढत होतो की छाती जवळजवळ ग्रिपला, म्हणजे हातांनी धरायच्या दांडीला, टेकायची. शिट्टी झाली, हात सुटले, की हातांनी पेललेलं वजन एकदम चवड्यांवर यायचं आणि चवडे फरशीवरून खरकन खाली. शेजारच्या लेनमधली अकरावीतली मुलगी व्हिडिओ बघून म्हणाली, "काका, तुम्ही वर उडताय, मागे नाही."

अगदी बरोबर. उभ्या भिंतीवर पाय जितका आडवा दाबाल तितकंच घर्षण मिळतं, आणि अंग वर उचलणारा जोर त्या घर्षणातूनच येतो. आडवा दाब बसायच्या आत खाली रेटा दिला की पाय गेलाच. लेज, म्हणजे पाय टेकवायला भिंतीवर लावायची पट्टी, असेल तर गोष्ट वेगळी. तिचा 10 अंशांचा उतार चवड्यांना खालून आधार देतो, त्यामुळे कंबर उंच ठेवून उडता येतं. पाण्याच्या पातळीच्या 4 सेंटिमीटर वर किंवा खालपर्यंत ती लावता येते. ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली 2016ला, रिओत. लेजवरही दोन्ही पायांचं निदान एकेक बोट भिंतीला किंवा टचपॅडला (वेळ नोंदवणारी भिंतीवरची पाटी) टेकलेलं लागतंच. मी बघत होतो ते सगळे व्हिडिओ लेजवरचे, आणि तशीच तयारीची पोझ साध्या भिंतीवर घेत होतो.

आता कोपरं अर्धीच वाकवतो, कंबर पाण्यालगत ठेवतो. उजवा पाय डाव्यापेक्षा चार बोटं वर. शिट्टीला आधी डोकं मागे, मग हात, गुडघे सगळ्यात शेवटी. भिंतीवरचा दाब तळव्याला कळतो, तो कळल्याशिवाय गुडघे उघडायचे नाहीत. 15 मीटरला 10.8 सेकंद लागायचे, शनिवारी 10.2 आले.

पाठ मात्र अजून सपाट आपटते, लालबुंद होते. हात जिथे पाण्यात शिरतात तिथूनच कंबरही शिरायला हवी. माझी हातभर अलीकडे पडते. पुढचे दोन आठवडे फक्त कमानीवर, म्हणजे उडताना पाठ वाकवण्यावर. तुमच्यापैकी कोणी साध्या भिंतीवरून कमान बसवली असेल तर नजर नेमकी कुठे ठेवता, ते सांगा.