आमची वाटचाल : उद्यमनगरातलं तारखांचं दुकान

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आम्ही गाळा घेतला तो वर्कशॉपवाल्यांना चलन, बिलं एक्सेलमध्ये बसवून द्यायला. मॅक्रोचं, म्हणजे एक्सेलकडून आपोआप काम करून घेणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं काम आलं शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीमुळं (धातू ओतून भाग बनवणारा कारखाना).

त्यांची कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, अमेरिकेला आणि जर्मनीला जायची. डिलिव्हरी शेड्युल सीएसव्ही फाइलमधून (स्वल्पविरामानं रकाने पाडलेली साधी टेक्स्ट फाइल) यायचं. अमेरिकेचं 03/05 म्हणजे 5 मार्च. आपल्या पीसीवर ते 3 मे. डिस्पॅचचे मामा म्हणाले, "काय ओ हे, मार्चचा माल मे म्हैन्यात दावतंय!"

सगळं शेड्युल चुकलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. पण तेरावा महिना नसतो, त्यामुळं 12 च्या पुढची तारीख उलटतच नाही. महिन्याच्या पहिल्या बारा तारखांतच घोळ, बाकी ठीक दिसतं. त्यात दिवस आधी लिहिणाऱ्या आपल्याच व्हेंडरची फाइल हातानं उघडली की बरोबर आणि मॅक्रोनं उघडली की उलटी! व्हीबीए, म्हणजे मॅक्रो लिहायची भाषा, सीएसव्ही उघडताना अमेरिकन पद्धत धरते. 'लोकल' हा पर्याय 'ट्रू' केला तरच विंडोजची रिजनल सेटिंग (तारीख कुठल्या देशाच्या पद्धतीनं वाचायची ते) मानते.

तेव्हापासून आमच्या गाळ्यात एकच हट्ट. तारखेचा कॉलम आधी टेक्स्ट म्हणून आत घ्यायचा, दिवस-महिना-वर्ष सुटे करायचे आणि व्हीबीएच्या 'डेटसिरियल' फंक्शननं जोडायचे. एक्सेलला तारीख म्हणजे नुसता आकडा, 1 जानेवारी 1900 ला 1. (1900 लीप वर्ष नव्हतं, तरी एक्सेल 29 फेब्रुवारी दाखवतं, लोटस या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रामशी जुळवून घेताना आलेलं लफडं.) जुन्या मॅकच्या फाइलींत मोजणी 1904 पासून, म्हणजे 1462 दिवसांचा फरक. हे आम्ही आधी तपासतो.

दाखवायचं रूप सगळ्यात शेवटी. जर्मन एक्सेलमध्ये तारीख मजकुरात बदलणाऱ्या 'टेक्स्ट' फॉर्म्युल्याला दिवस-वर्षासाठी डी-वाय चालत नाही, टी-जे लागतं. म्हणून आम्ही आकडा तसाच ठेवून सेलला 'नंबरफॉरमॅट', म्हणजे फक्त दिसण्याचं रूप, देतो. शॉप फ्लोअरच्या फळ्यासाठी तोच आकडा 44ई या मराठी भाषेच्या कोडनं मराठी महिन्यात छापतो.

फाउंड्रीवाल्यांनीच पुढं गोकुळ शिरगावात आमचं नाव सांगितलं. जाहिरातीवर आम्ही कधी खर्च केला नाही. आता मुलं पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतही कामं करतात, पण कोटेशन द्यायच्या आधी गिऱ्हाइकाच्या पीसीची रिजनल सेटिंग बघून येणं अजून माझ्याकडंच आहे.