तळ्यावर आणि तळ्यावरून

ठाण्यातून हलायचं हे ठरायला आमच्या घरात एक जेवण पुरलं. कुठे हलायचं हे ठरायला दीड वर्ष गेलं.

निमित्त नवऱ्याच्या कंपनीचं. महिन्यातून दोनदा तोंड दाखवलंत तरी चालेल, बाकीचं काम घरूनच करा, असं तिकडून आलं आणि त्याच्या डोक्यात तळं शिरलं. समुद्र नको, खारं वारं लोखंड खातं. नदी नको, पुराची धास्ती. डोंगरावर आईंचे गुडघे चढायचे नाहीत. उरलं तळं. तळ्याकाठचं लहानसं गाव, संध्याकाळी काठानं एक फेरी, घरी येऊन गरम पिठलं-भात. हे चित्र त्यानं इतक्यांदा रंगवलं की त्यातलं पिठलं कोण ढवळतंय, हे विचारायचं माझ्याही लक्षात राहिलं नाही.

समोरच्या काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तळ्यासाठी चाललात? मग हे काय आहे?" आणि जिन्याच्या खिडकीतून त्यांनी कचराळीच्या दिशेला हात केला.

प्रश्न रास्त होता. ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात. मासुंदा आहे, उपवन आहे आणि आम्ही पाचपाखाडीतले, म्हणजे कचराळी तलाव आमच्या दारापासून सात मिनिटांवर. गेल्या अकरा वर्षांत मी तिथे किती वेळा गेले असेन? दर जानेवारीत चार दिवस, नवे बूट घेतल्यावर आठवडाभर, आणि पाहुणे आले की. दिवाळी पहाटेला तलावपाळीवर जायचं, तर तिथे माणसांच्या डोक्यांपलीकडे पाणी आहे हे गृहीत धरायचं. काकूंना मी काहीतरी गुळमुळीत बोलले. खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

नवऱ्यानं वही केली. त्याला कुठल्याही गोष्टीची वही लागते. डाव्या बाजूला गावं, वर रकाने: भाडं, शाळा, दवाखाना, इंटरनेट, रेल्वे, डास. डासांचा रकाना माझा. पहिल्या पानावर नागपूर होतं, कारण त्याचा एक मित्र तिथल्या फुटाळा तलावावरच्या संध्याकाळींचं वर्णन करून त्याला नादी लावत होता. "संध्याकाळी काय वारा असतो माहितीये?" "आणि मे महिन्यात दुपारी?" असं मी विचारलं, तिथे नागपूर संपलं. भोपाळचं पान मात्र भरलं होतं. माझी मावशी तिथली, आणि तिथला बडा तालाब म्हणजे तळ्यांमधलं खानदानी घराणं: राजा भोजाच्या नावावर सांगितलेला, 2002 पासून रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आणि आजही शहराला पिण्याचं पाणी देणारा. पण लेक सातवीत. "मला तिकडे हिंदीतून इतिहास शिकावा लागेल का?" एवढंच तिनं विचारलं आणि ते पानही मिटलं.

मग सासूबाई बोलल्या. त्या शिवाजी पेठेतल्या. लग्नाला पन्नास वर्षं झाली, ठाण्यात चाळीस, पण अजून "मी आलो", "मी जेवलो" असंच बोलतात. कोल्हापूरच्या बायकांचं हे बोलणं ठाण्याच्या शेजारणींना अजून दचकवतं. "तळं बघत हिंडताय गावभर," त्या म्हणाल्या, "आणि रंकाळा काय मेला व्हय?"

रंकाळा मेलेला नव्हता, मध्यंतरी आजारी होता एवढंच. केंदाळानं असा भरला होता की पाण्यावर क्रिकेट खेळता येईल असं वाटावं. जलपर्णी हा पुस्तकी शब्द. कोल्हापुरात केंदाळच म्हणतात आणि तो शब्द उच्चारतानाच नाकाला थोडी सुरकुती पडते. आम्ही दिवाळीनंतर गेलो तेव्हा पाणी मोकळं होतं. शालिनी पॅलेसची सावली पाण्यात लांबवर पडलेली, संध्यामठ अर्धा बुडालेला, आणि काठावर अख्खं कोल्हापूर भेळ खात बसलेलं. सासूबाईंनी कठड्यावर बसून लेकीला नंदीची गोष्ट सांगितली. हा नंदी म्हणे रोज गव्हाएवढा रंकाळ्याकडे सरकतो आणि तांदळाएवढा मागे जातो. ज्या दिवशी पाण्याला पोचेल त्या दिवशी जगबुडी.

"म्हणजे गहू मोठा की तांदूळ, यावर सगळं आहे," लेक म्हणाली. "आजी, बासमती असेल तर तो मागेमागेच जाईल."

त्या दिवसापासून आमच्या घराच्या शोधाला हेच माप लागलं. एखादं घर पसंत पडलं की गव्हाएवढं पुढे. त्याचं भाडं कळलं की तांदळाएवढं मागे. आणि तांदूळ बहुतेक वेळा बासमतीच निघाला. रंकाळ्यासमोरच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावरची जागा मला मनापासून आवडली होती. स्वयंपाकघरात उभं राहिलं की पाणी दिसायचं. पण दर मिनिटाला खालून एखादी बुलेट जायची आणि शब्दशः भांडी हलायची. नवरा म्हणाला, "हे गाव नाही, शहर आहे. ठाण्यातून शहरात कशाला जायचं?" सासूबाई त्या रात्री जेवताना काही बोलल्या नाहीत. पांढरा रस्साही त्यांनी एकदाच घेतला, त्यावरून मी काय ते ओळखलं.

राहिली सावंतवाडी.

तिथे आम्ही मुद्दाम मेच्या शेवटी गेलो. हा माझा हट्ट. तळ्याकाठचं गाव डिसेंबरात बघायला जाणं म्हणजे मुलगी मेकअप करून बसलेली असताना बघायला जाणं. तळं मे महिन्यात बघावं, पाणी उतरलेलं असताना. तेव्हा काठाला काय काय लागलेलं आहे ते कळतं, वास कळतो, आणि गाव तळ्यात काय टाकतं तेही कळतं. जमलं तर पुन्हा जुलैत जावं आणि छत कुठे गळतं ते पाहावं. आम्हाला दोनदा जाणं परवडणारं नव्हतं, म्हणून मे.

तुतारी एक्स्प्रेस रात्री बारानंतर दादरहून निघते, वाटेत आम्हाला ठाण्याला उचलते आणि दुपारी सावंतवाडी रोडला सोडते. केशवसुतांच्या कवितेचं नाव असलेल्या गाडीत बसल्यावर काहीतरी फुंकून टाकायला निघाल्यासारखं वाटतं. स्टेशनपासून गाव सात-आठ किलोमीटर. रिक्षा माडांतून, काजूंतून, चिऱ्याच्या गडग्यांमधून वळत गेली आणि अचानक, बाजाराच्या ऐन मधोमध, पाणी.

मोती तलाव. 1874 सालचा. एका बाजूला लाल चिऱ्याचा राजवाडा, भोवती रस्ता, त्याला लागून दुकानं. उतरलेल्या पाण्याच्या कडेला हिरवट पट्टा होता आणि थोडा वासही, खोटं कशाला बोलू. एक खंड्या तारेवरून सुटला, पाण्याला नुसता शिवला आणि रिकामाच परत जाऊन बसला. नवऱ्यानं वही काढली. सासूबाई रिक्षातून न उतरताच म्हणाल्या, "एवढंच?"

घर दाखवायला न्यायला एजंट आला होता. त्याचा पहिला प्रश्न, "तळ्याकडचा बघूचा की मागचा?" तळ्याकडच्या दोन जागा पाहिल्या. खिडकीतून पाणी, आणि भाडं असं की खिडकीत बसून नुसतं पाणीच प्यावं. मागची जागा सालईवाड्यात. कौलारू, पुढे पडवी, मागे परसात बाव. म्हणजे विहीर. तळ्याचा मागमूस नाही.

इथे सासूबाईंनी सूत्रं हातात घेतली. त्यांनी भिंती पाहिल्या नाहीत, नळ सोडून पाहिले नाहीत. थेट आतल्या खोलीतलं लाकडी कपाट उघडलं, डोकं आत घातलं आणि वास घेतला. मग घरमालकिणीला विचारलं, "पावसात बुरशी किती येते?"

घरमालकीण त्यांच्याच वयाच्या. पडवीत बसून आमसुलांना रस चोळत होत्या, मनगटापर्यंत हात लालभडक. त्यांनी सासूबाईंच्या पायांकडे पाहिलं. पायांत नेहमीच्या, तेल देऊन मऊ केलेल्या कोल्हापुरी. "ह्यो चपलो ट्रंकेत भरून ठेवा," त्या म्हणाल्या. "जूनात घातलास तर जुलैत त्येंका मिशी येतली."

इतका प्रामाणिक घरमालक मी ठाण्यात अकरा वर्षांत पाहिला नाही.

मग त्या दोघींचं बराच वेळ चाललं. बावीला मेमध्ये किती हात पाणी असतं. कपडे कुठे वाळवता. आंबोली इथून तीसेक किलोमीटर, तिथला पाऊस महाराष्ट्रात नावाजलेला, त्यातला इथे किती येतो. एक मालवणीत, एक कोल्हापुरीत, आणि दोघींनाही समोरचीचं बोलणं जरा अशुद्धच वाटत असावं. नवऱ्यानं मध्येच "पण इथून तळं दिसत नाही" असं म्हटलं तेव्हा घरमालकिणीनं हात न थांबवता सांगितलं, "तळ्यातला पाणी बघूक बरा. त्येनी भात शिजणा नाय."

वहीतला दवाखान्याचा रकाना मात्र कोणी हसण्यावारी नेला नाही. गावात डॉक्टर आहेत, रुग्णालय आहे, पण मोठं काही झालं की इथली माणसं हद्द ओलांडून गोव्यात बांबोळीला जातात. तास-दीड तासाचा रस्ता. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्या रात्री लॉजवर आम्ही दोघं यावर हळू आवाजात बोलत होतो, तर पलीकडच्या खाटेवरून आवाज आला, "ठाण्यात घोडबंदरला अडकून मरण्यापेक्षा गोव्याच्या वाटेवर मरतो मी." यावर काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी लेकीला चितार आळीत नेलं. लाकडी फळं, भातुकली, पाट, आणि एका दुकानात गंजिफा. गोल पत्ते, हातानं रंगवलेले, लाखेनं चकाकणारे. दशावतारी गंजिफाचा डाव 120 पत्त्यांचा, दहा अवतारांचे बारा-बारा. हे मला माहीत होतं आणि मी ते ऐटीत सांगितलं. तिनं मत्स्यावताराचा एक पत्ता तळहातावर ठेवून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "गोल पत्ते पिसायचे कसे?" दुकानदारानं ते सगळे पालथे मांडून दोन्ही हातांनी कालवून दाखवले, भात कालवावा तसे. ती जी हसली, त्यात मला नव्या शाळेतला प्रवेश दिसला.

पण माझं स्वतःचं ठरलं ते त्या दुपारी, अगदी क्षुल्लक कारणानं. मला औषधाच्या दुकानात जायचं होतं. मी तळ्यावरून गेले. मग एटीएमला, पुन्हा तळ्यावरून. लॉजवर परतताना तळ्यावरून. चहा प्यायला निघालो तर तळं आडवं आलंच. बँकेत निघालेली माणसं, पिशव्या घेतलेल्या बायका, शाळेचे अर्ज आणायला निघालेली मुलं, सगळी त्या पाण्याला वळसा घालून जात होती आणि कोणी थांबून त्याच्याकडे बघत नव्हतं. कचराळीला आम्ही तळ्यावर जायचो. वेळ काढून, बूट घालून. वेळ मिळायचा नाही, म्हणून जाणं व्हायचं नाही. रंकाळाही शेवटी तळ्यावर जायचाच. इथे तळ्यावर कोणाला जायचंच नसतं. तळ्यावरून जावं लागतं.

काकूंना द्यायचं उत्तर मिळालं, दीड वर्ष उशिरा. ते मी त्यांना अजून दिलेलं नाही, कारण ऐकायला ते फारच व्याकरणाचं वाटतं.

सालईवाड्यातली जागा आम्ही घेतली. सध्या अकरा महिन्यांच्या भाड्यानं. ठाण्याचं घर विकलेलं नाही, म्हणजे तांदळाएवढं मागे जायची सोय ठेवली आहे. वहीच्या शेवटच्या रकान्यात नवऱ्यानं "विमानतळ" असं नंतर घुसडलं होतं: एक 2021 साली सुरू झालेला चिपीचा, दुसरा 2023 सालचा, गोव्यातल्या मोपाचा. रात्री आठला रिक्षा मिळेल की नाही हे सांगता येत नाही, पण विमानतळ दोन आहेत. डासांचा रकाना मी कोरा ठेवला. खरं लिहिलं असतं तर दीड वर्ष वाया गेलं असतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सामान लागलं आणि त्याच दिवशी पाऊस लागला. कोल्हापुरी ट्रंकेत गेल्या. सासूबाईंनी रबरी सपाता घातल्या, छत्री घेतली आणि घरमालकिणीला भाजीबाजाराची वाट विचारली. "सरळ जावा," त्या म्हणाल्या, "तळ्यावरसून."

वीस मिनिटांचं काम. पाऊण तास झाला, तास झाला. नवरा छत्री शोधायला उठला, तेवढ्यात पडवीत सपातांचा आवाज आला.

"मी आलो गं."

"आई, इतका वेळ? आणि भाजी?"

त्यांनी पिशवीकडे पाहिलं. पिशवी घडीचीच होती, नुसती भिजलेली.

"ऱ्हायलीच की," त्या म्हणाल्या. "पिठलं टाक."