एकाच बाकावरचे दोन वाचक

वाचनात मागे पडलेल्या मुलांचा जादा तास माझ्याकडे असतो. वर्गशिक्षक यादी पाठवतात, प्रत्येक नावापुढे एखादा शेरा. त्या दिवशी सहावीतली दोन मुलं आली. मुलापुढे शेरा होता ‘वाचता येत नाही’. मुलीपुढे ‘वाचन चांगले, अभ्यासात लक्ष नाही’. वाचन चांगलं असेल तर तिला माझ्याकडे का धाडलं, असं विचारलं, तर म्हणे पेपर कोरा ठेवते.

दोघांना मुंग्यांवरचा एकच उतारा दिला. ‘मुंगी चालताना जमिनीवर विशिष्ट गंध सोडते. मागून येणाऱ्या मुंग्या तो मार्ग धरून अन्नापर्यंत पोहोचतात.’

मुलाने ‘जमिनीवर’चं ‘जिमनीवर’ केलं आणि ‘मार्ग’चं ‘माग्र’. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण पोरगं कागदावर दिसत होतं तसंच वाचत होतं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढतात आणि उच्चार मात्र नंतर. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर आणि उच्चार त्या अक्षराच्या आधी. आपल्या डोळ्यांना हे इतकं सवयीचं झालंय की यात शिकण्यासारखं काही आहे हेच आपण विसरतो. प्रत्येक शब्दाशी झटापट करत तो दुसऱ्या वाक्याच्या शेवटाला पोचला, तेव्हा पहिलं वाक्य त्याच्या डोक्यातून निघून गेलं होतं.

मुलगी घडाघडा वाचून मोकळी झाली. पूर्णविरामाला थांबली, आवाजात चढउतारही होते. मी विचारलं, “मुंगी काय करते गं?”

“विशिष्ट गंध सोडते.”

“म्हणजे काय करते?”

बराच वेळ शांतता. मग म्हणाली, “सोडून देते. तिला तो नको असतो.”

आता मी उतारा स्वतः वाचून दाखवला. मुलाला म्हटलं, तू कागदाकडे बघूच नकोस, नुसतं ऐक. वाचून झाल्याबरोबर तो म्हणाला, “बाई, मग मध्येच ती जागा पुसली तर? मागच्या मुंग्या चुकतील ना?” उताऱ्यात हे कुठेच नव्हतं. मुलीला मात्र ऐकूनही काही वेगळं कळलं नव्हतं. तिने मला तेच वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं.

फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी 1986 मध्ये मांडलेलं एक साधं सूत्र आहे. अक्षरांवरून शब्द ओळखणं आणि भाषा समजणं, या दोन्हींचा गुणाकार म्हणजे वाचनातलं आकलन. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असली की दुसरी कितीही मोठी असो, हाती शून्यच. त्या बाकावर दोन्ही बाजू शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि वेळापत्रकात दोघांसाठी उपाय एकच होता: रोज मोठ्याने वाचन!

कोणीतरी सुचवलं, जोडी लावा; ती वाचेल, तो समजावेल. मी साफ नाही म्हटलं. मग तो कधी वाचायचा नाही आणि ती कधी विचार करायची नाही.

मुलासाठी त्याचाच प्रश्न कागदावर उतरवला आणि तोच त्याचा धडा केला. दुसरीची पुस्तकं त्याच्या हातात द्यायला माझा विरोध होता. मुंग्यांची वाट पुसायचा विचार करणाऱ्याने ‘बदक पाण्यात पोहते’ का वाचावं? वेलांटीचे आणि रफाराचे शब्द वेगळे काढले आणि तोच छोटा मजकूर पुन्हा पुन्हा वाचून घेतला, अडखळणं कमी होईपर्यंत. मुलीचं मोठ्याने वाचन बंद केलं. दोन वाक्यं वाचायची, कागद पालथा घालायचा आणि स्वतःच्या शब्दांत सांगायचं. मूळ वाक्य जसंच्या तसं आलं की पुन्हा सांगायचं. सुरुवातीला ती रडकुंडीला यायची. ज्या गोष्टीसाठी आजवर शाबासकी मिळाली, तीच मी चालवून घेत नव्हते.

रफार मुलाला अजून कधीकधी दगा देतो, पण आता ‘माग्र’ म्हटल्यावर तो स्वतःच मागे येतो, कारण असा शब्द नसतो हे त्याला माहीत आहे. मुलीबद्दल परवा वर्गशिक्षिकेची तक्रार आली. वाचता वाचता मध्येच थांबते, “म्हणजे काय?” विचारते आणि धडा पुढे सरकत नाही. मी म्हटलं, थोडे दिवस सरकू नका.